उजवा सिलिंडर

सकाळपासून उलायुक तीनदा म्हणाली होती की गाडीचा आवाज बरोबर येत नाहीये. तिन्ही वेळा कूनूने मान डोलावून "हो, हो" म्हटलं होतं. ती काय म्हणाली ते त्याला कळलंच नव्हतं.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. आधी बायकापोरांचे बारीक आवाज गेले, मग किटलीची शिट्टी गेली, मग वारा गेला. चाळीस वर्षं कानाशी बंदूक वाजवलेला आणि तेवढीच वर्षं स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावरच्या गाडीच्या, इंजिनामागे बसलेला माणूस. त्यात नवल काही नव्हतं. गावातले त्याच्या वयाचे निम्मे लोक "काय? काय?" करत हिंडायचे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण कूनूची गोष्ट वेगळी होती. कुणाची गाडी बिघडली की ती ओढत त्याच्या शेडमध्ये यायची. तो झाकणही उघडायचा नाही. डोळे मिटून घटकाभर ऐकायचा आणि सांगून टाकायचा: बेअरिंग गेलंय, पट्टा घासतोय, तेल पोचत नाहीये. लोक शेजारच्या गावात जाऊन सांगायचे, आमच्याकडे कूनूचा कान आहे. आता तो कानच गेला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? हल्ली तो म्हणायचा, "ठेवून जा, उद्या ये." मग दार लावून एकेक भाग खोलत बसायचा.

आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. बर्फ फुटायच्या आधी बोलतो. ज्याला ते ऐकू येत नाही त्याला कुणी समुद्रावर नेत नाही. घरी बसवतात, खिडकीपाशी, चांगला मऊ सोफा देऊन.

म्हणून तो या वेळी पुरुषांबरोबर न जाता उलायुकला घेऊन आला होता. ती त्याच्या बहिणीची मुलगी, सत्तावीस वर्षांची, गावाच्या धावपट्टीवर सामान तोलायच्या आणि विमानांना खुणा करायच्या कामावर. ती जन्मायच्या आधीच्या हिवाळ्यात कूनूची आई वारली होती आणि आईचं नाव या मुलीला दिलं होतं. नाव आलं म्हणजे माणूस आलं. त्यामुळे ती दुपट्यात होती तेव्हापासून कूनू तिला "आई" म्हणायचा आणि बोलायला लागली तशी ती या मामाला "लेका" म्हणू लागली. गावात असं घरोघरी होतं, पण यांच्या जोडीला लोक जरा जास्त हसायचे, कारण उलायुक खरोखरच आईच्या थाटात त्याला रागवायची.

जून महिना होता. सूर्य मावळतच नव्हता, नुसता आकाशात चकरा मारत होता. समुद्राचा बर्फ जिथे संपतो आणि मोकळं पाणी सुरू होतं तिथे, कडेला, दोघांनी दुपारपर्यंत एक जाडजूड सील मिळवला. लाकडी स्लेजवर तो बांधला, स्लेज गाडीमागे अडकवली आणि घरच्या वाटेला लागले. सकाळी येताना एक चीर लागली होती, वीतभर रुंद. गाडी तिच्यावरून नुसती ठेच लागल्यासारखी उडाली होती. आता तीच चीर समोर आली तेव्हा दोन मीटर रुंद झाली होती. काळं पाणी. वारा जमिनीकडून वाहत होता. चिरेपलीकडे गाव आणि जमीन, अलीकडे हे दोघं आणि बर्फाचा एक तुकडा, मागे समुद्र.

"धर घट्ट," कूनू म्हणाला. दोन मीटर म्हणजे त्याच्या लेखी काहीच नव्हतं. त्याने गाडी मागे घेतली, स्लेज सोडली आणि वेगाने निघाला. पण वेग येईना. त्याने रेस पिळली तशी गाडीने एक गचका खाल्ला, पुढे जायच्या ऐवजी ढेपाळली, आणि पाण्यापासून चार हातांवर इंजिन बंद पडून उभी राहिली.

उलायुक खाली उतरली, पाण्याकडे बघितलं, मग मामासमोर येऊन उभी राहिली. "मी सकाळपासून सांगतेय, मिसिंग मारतेय ही. लेका, गाडी राहू दे. स्लेज आडवी टाकू, वरून चालत जाऊ. पोचेल ती पलीकडे."

हे त्याला कळलं, कारण ती समोर होती आणि हातवारे करत होती. स्लेज चार मीटरची होती, सहज पोचली असती. पण गाडी सोडून जायचं? आणि गावात काय सांगायचं, कूनूची गाडी नादुरुस्त झाली म्हणून समुद्रात सोडली?

"प्लग गेले असतील. दहा मिनिटं दे," तो म्हणाला.

दहाची वीस झाली. बोटं गारठली होती. नवे दोन्ही प्लग बसवून त्याने दोरी ओढली, इंजिन थरथरलं. हाताला थरथर लागत होती, म्हणजे चालू होतं. तळहात टेकवून त्याने मान डोलावली. "झालं! बघ, कशी गोड चालतेय."

उलायुकने कपाळाला हात लावला. "गोड? अरे, खोकतेय ती."

तो गाडीवर बसला, लांबून वेगाने आला. परत तोच गचका, परत तेच ढेपाळणं. या वेळी त्याने ब्रेक मारला म्हणून वाचला. आणि थांबून बघतो तर चीर पाच मीटरच्या वर गेली होती. स्लेज आता पुरणार नव्हती.

उलायुकने रेडिओ काढला. गावातला इपेली बोलला. तिने ते बोलणं कूनूला थोडक्यात सांगितलं, पण तो दुसरीकडे बघत होता. लोक होडी घेऊन निघतायत, पण बर्फावर सगळीकडे पाणी साठलंय, पाच तास तरी लागतील. कडेपासून लांब राहा.

"काय म्हणाला?" कूनूने विचारलं.

"आत्ताच तर सांगितलं."

"हो, हो."

ती काही बोलणार एवढ्यात त्यांच्या मागे, मोकळ्या पाण्याच्या बाजूला, तोफेसारखा आवाज झाला. उलायुक जागच्या जागी उडाली, गुडघ्यावर पडली. शंभरएक पावलांवर त्यांच्याच तुकड्याचा एक मोठा भाग तुटून सावकाश बाजूला सरकत होता. तिने वळून मामाकडे पाहिलं. तो गाडीवर वाकून पक्कड पुसत होता. त्याने मानसुद्धा वर केली नव्हती.

ती उठली. त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "कूनू, तुझी विजार पेटलीय."

त्याने पक्कड पुसणं चालू ठेवलं.

तिने त्याचा खांदा धरून त्याला वळवलं आणि तुटलेल्या बर्फाकडे बोट दाखवलं. कूनूने ते पाहिलं. पायाखालच्या बर्फाचा एक तृतीयांश निघून चालला होता आणि तो आपला पक्कड पुसत होता.  पुढे पाणी, मागे पाणी, आणि आता हिच्या डोळ्यांपासून पळायलाही जागा नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं. शब्द ओठांवर नीट दिसतील असं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. मग इतका वेळ धरून ठेवलेलं सगळंच सुटलं. "उजव्या कानात काहीच नाही. डाव्यात गोंगाट येतो, कापूस कोंबल्यासारखा. इंजिन चालू आहे का बंद तेवढं हाताला कळतं. बरं चालतंय का वाईट, ते नाही कळत. आई, मला खरंच नाही कळत गं."

त्याला वाटलं ती आता चिडेल. चिडायचा तिला हक्क होता. मघाशी त्याने तिचं ऐकलं असतं तर दोघं चालत पलीकडे गेले असते. तिचे डोळे भरले होते, पण ते रागाने की भीतीने हे त्याला ओळखू आलं नाही. तिने नाक पुसलं.

"आणि तू मला इथे घेऊन आलास. मला."

"हो."

"रडायला पाच तास आहेत आपल्याकडे, नंतर रडू. ऐकायचं काम मी करते. काय ऐकायचं ते तू सांग."

कूनूने तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी धावपट्टीवर उभी राहून ढगातलं विमान दिसायच्या आधी सांगायची, हे मालाचं, हे प्रवाशांचं. इंजिनातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कान होता.

"माझ्या मागे उभी राहा," तो म्हणाला. "हात माझ्या खांद्यावर. आवाज बदलला की दाब. सुधारला तर एकदा, बिघडला तर दोनदा. काहीच नाही झालं तर दाबू नको. अंदाजाने दाबू नको. माझी समजूत काढायला तर मुळीच दाबू नको."

"मी तुझी समजूत कधी काढलीय?"

हे त्याने ओठांवरून वाचलं आणि त्या परिस्थितीतही त्याला हसू आलं.

इंजिन दोन सिलिंडरचं होतं. प्रत्येकाला पेट्रोलात हवा मिसळणारा आपला कार्बोरेटर, आपला प्लग, प्लगवर एक जाड वायर. त्याने इंजिन चालू केलं आणि रबरी मुठीच्या पकडीने डाव्या प्लगची वायर उपटली. खांद्यावर तिची बोटं रुतली, दोनदा, जोरात. इंजिन मरायला टेकलं होतं. त्याने वायर परत बसवली, थांबला, मग उजवी उपटली.

खांदा शांत राहिला.

त्याने मान वळवून पाहिलं. तिने डोकं हलवलं: काहीच फरक नाही.

"म्हणजे उजवा काम करतच नाहीये," कूनू म्हणाला. "एका सिलिंडरवर ओढतोय आपण." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट नक्की माहीत झाली होती. शेडमध्ये दार लावून केलेला तो सगळा अंदाजपंचे धंदा त्याला आठवला आणि लाज वाटली.

आता, का करत नाही? त्याने उजवा प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि तिला दोरी ओढायला सांगितली. उन्हात ठिणगी दिसेना. उलायुकने आपला जाड कोट काढून दोघांच्या डोक्यावरून घेतला आणि त्या अंधारात निळी ठिणगी तडतडली. तिला ती ऐकूही आली. वीज ठीक होती. त्याने प्लगचं टोक निरखलं. नवाकोरा प्लग, एवढा वेळ चालवूनही कोरडा ठाक. पेट्रोल पोचत असतं तर ओला किंवा तपकिरी झाला असता.

प्लग बसवून त्याने परत इंजिन चालू केलं आणि चोक अर्धा ओढला. चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं. खांद्यावर एकदाच, पण स्पष्ट दाब आला. सुधारलं. चोक ढकलला, दोन दाब. बिघडलं.

"उपाशी आहे उजवा," कूनू म्हणाला. "एक तर पेट्रोल कमी मिळतंय, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा खातोय."

चीर तोवर सहा मीटर झाली होती. उलायुक मधूनमधून तिकडे बघत होती. तो मुद्दाम बघत नव्हता. त्याने उजव्या कार्बोरेटरची वाटी उघडली. पाणी गोठलेलं असेल, कचरा असेल. बर्फाच्या कणासाठी तो जवळजवळ देवाची करुणा भाकत होता, कारण ते पटकन निघालं असतं. वाटी स्वच्छ होती. बारीक छिद्रातून त्याने फुंकर मारली. हवा आरपार गेली. वाटी परत बसवायला दहा मिनिटं गेली, एक स्क्रू बर्फात पडला, तो उलायुकने गुडघ्यावर रांगत शोधून दिला. मागे पुन्हा काहीतरी तुटलं. तिने दचकून त्याचा खांदा दाबला आणि लगेच त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "ते इंजिनाचं नव्हतं."

"कळलं."

राहिली हवा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बोटभर लांबीची जाड रबरी नळी असते. कूनूने औषधाच्या पिचकारीत थोडं पेट्रोल घेतलं, इंजिन चालू केलं आणि नळीच्या वरच्या बाजूला एक थेंब सोडला. खांदा शांत. डाव्या अंगाला थेंब. शांत. मग त्याने हात वाकवून खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नव्हती तिथे, तीन थेंब टाकले.

तिने इतक्या जोरात दाबलं की तो "आई गं" ओरडला.

"नीट झालं! एकदम नीट झालं, मग परत गेलं!" ती त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडत होती. थेंबभर पेट्रोल तिथून आत ओढलं गेलं होतं आणि तेवढ्यापुरता उपाशी सिलिंडर जेवला होता. कूनूने इंजिन बंद केलं, हातमोजा काढून बोट नळीखाली घातलं. तिथे नखाएवढी भेग होती. थंडीने रबर कडक झालं होतं. रेस दिली की इंजिन हलायचं आणि भेग तोंड वासायची.

दुसरी नळी जवळ नव्हती. चिकटपट्टी तेलकट रबराला धरेना. मग उलायुकने सील सोलायचे लांब रबरी हातमोजे आणले आणि सुरीने एकाचं मनगट गोल कापून दिलं. कूनूने नळी उतरवली, पुसली, तिच्यावर ते मनगट दुहेरी चढवलं, वरून मासेमारीचा दोर गच्च आवळला आणि सगळं परत जोडलं. इंजिन चालू केलं. खांद्यावर दाब आला तो एकदाच, पण नंतर तिने हात काढलाच नाही.

"सांग," तो मान वळवून म्हणाला.

"शिवणयंत्रासारखं चाललंय."

चीर आता सात मीटर तरी होती. चालती गाडी पाण्यावरून नेता येते. खालचा रबरी पट्टा फिरत राहिला आणि वेग असला तर पाणी तेवढा वेळ सहन करतं. वेग गेला की गाडी दगडासारखी तळाला. स्लेज, सील, डबे, तंबू, सगळं सोडायचं होतं. ती स्लेज त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने मिळून बनवली होती. भाऊ आता नव्हता. कूनूने स्लेजच्या लाकडावर एकदा हात फिरवला आणि गाडीकडे आला.

"तू एकटी जा. एकटी असलीस तर वजन कमी होईल. मी होडीची वाट बघतो."

उलायुकने मागे वळून बर्फाकडे बोट दाखवलं. मघाशी मागे शंभर पावलं बर्फ उरला होता, आता साठ पावलंही नव्हता.

"तुझ्या होडीला अजून तीन-चार तास आहेत आणि या बर्फाला नाहीत. शिवाय मी पाण्यावरून कधी चालवलेली नाही. आणि चालवताना आवाज बिघडला तर तुला कोण सांगणार? गप बस पुढे."

"आई—"

"लेका, बस म्हटलं ना."

तो बसला. जेवढं लांब जाता येईल तेवढं ते चिरेपासून तिरकं मागे गेले. त्याने रिकामा पेट्रोलचा डबा पाण्याच्या चाळीस पावलं अलीकडे खूण म्हणून ठेवला होता. डब्याच्या आधी तिने दाबलं तर ब्रेक. डब्यानंतर काहीही झालं तरी ब्रेक नाही.

त्याने रेस पिळली. वारा तोंडावर आला, बर्फ पांढऱ्या पट्ट्यासारखा खालून पळू लागला. त्याच्या डोक्यात नेहमीचाच कापूस होता. जगात काय चाललंय ते सांगणारी एकच जागा होती, उजवा खांदा. डबा जवळ येत होता, आणि खांद्यावर दोन दाब आले. त्याने जीव खाऊन ब्रेक मारला. गाडी आडवी घसरली आणि डब्याला ठोकर मारून थांबली.

 दोर सैल झाला होता. कूनूची बोटं इतकी गारठली होती की गाठ बसेना. त्याला एकाएकी वाटलं, पुरे झालं, आपण इथेच बसावं. उलायुकने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन काखेत घातले, लहान पोराचे घालतात तसे, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग दोर तिने ओढला आणि गाठ त्याने मारली, तीन वेळा. डबा तिने परत जागेवर ठेवला.

दुसऱ्या खेपेला डबा आला तेव्हा खांदा शांत होता. डबा मागे गेला. आता दाबलं असतं तरी उपयोग नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं. कूनूने वजन मागे टाकलं, बर्फ संपला, खालचा सगळा खडखडाट अचानक मऊ झाला, जणू गाडी पिसांवरून चालली आहे. गार पाण्याचा फवारा मानेत शिरला. गाडीची शेपटी खचू लागल्याचं त्याला बुडाखाली जाणवलं. मग एक धक्का बसला. दात दातांवर आपटले. पट्ट्याने पलीकडची कड पकडली, घसरला, परत पकडली, आणि गाडी वर आली.

तो थांबला नाही. अर्धा मैल गेल्यावर तिने पाठीत गुद्दे घातले तेव्हा थांबला. उलायुक खाली उतरली, ओली, बर्फावर पाय पसरून बसली आणि हमसून रडली. ठरल्याप्रमाणे.

दोन तासांनी होडी घेऊन येणारे लोक वाटेत भेटले. पाच जण होते. इपेली पुढे आला, कूनूच्या पाठीवर थाप मारून काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. कूनूने नेहमीप्रमाणे "हो, हो" म्हणायला तोंड उघडलं. उलायुक बाजूला उभी राहून चहा पीत होती. ती एक अक्षर बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही.

"माझ्याकडे तोंड करून बोल," कूनू इपेलीला म्हणाला. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. गाडी हिच्या कानाने दुरुस्त झालीय."

 इपेली थोडा गोंधळला, मग टोपी मागे सारून त्याच्या तोंडासमोर आला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मी म्हणत होतो, तू ओला झालायस, कोरडा कोट घे."

त्या दिवसानंतर ती स्लेज कुणाला दिसली नाही.

घरी पोचल्यावर तापिसाने, त्याच्या बायकोने, त्याच्यासमोर गरम रस्सा ठेवला. कूनूने वाटी उचलली, परत खाली ठेवली. समुद्रावर बोलायला जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं इथे गेलं.

"तापिसा, एक सांगायचंय. माझे कान..."

तापिसा टेबलाला वळसा घालून आली, खुर्ची ओढून बरोबर त्याच्यासमोर बसली. "दोन वर्षं मी प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून तुझ्यासमोर येऊन बोलतेय," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, तुझं थोबाड बघायला येते?"

 कूनूने रस्सा प्यायला सुरुवात केली. तापिसा उठली नाही. तो पिऊन होईपर्यंत तिथेच बसून तिने त्याला दिवसभराच्या गावातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या, आणि त्यातली एकही त्याची चुकली नाही.